भांडी, स्तोत्रे आणि नकार

१ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी लंडनमधल्या एका जर्मन पाळकाला पत्र लिहिले. पत्र छोटे आणि कमालीचे व्यवहारी आहे. तुमच्याजवळ आणि तुमच्या मित्राजवळ परतीच्या प्रवासापुरते पैसे असतील, इथला दरमहा माणशी शंभर रुपये खर्च झेपणार असेल, तर हवे तेव्हा या; लवकर आलात तर थंडीचे दिवस मिळतील. माझ्यासोबत राहायचे, तर मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असायला हवा. तसे नसेल तर माझ्या देखरेखीखालच्या एखाद्या संस्थेत राहावे लागेल. तिथले साधे शाकाहारी जेवण चालत असेल, तर राहण्या-जेवण्याचे काही द्यावे लागणार नाही.

साबरमतीचा आश्रम गांधीजींनी १९३३ मध्येच मोडला होता आणि जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे वर्धा हे त्यांचे ठिकाण झाले होते. हा पाहुणा आला असता, तर बहुधा वर्धा स्टेशनवरच उतरला असता. तो आला नाही. त्याचे नाव डीट्रिख बॉनहोफर. त्याची ओळख करून देणारे पत्र चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी गांधीजींना पाठवले होते. या तरुणाला सामुदायिक जीवन आणि माणसे घडवण्याच्या पद्धती पाहायच्या आहेत, असे त्यांनी त्यात कळवले होते.

ख्रिस्ती धर्मपंडिताला, तेही मार्टिन ल्यूथरच्या देशातल्या, येशूच्या मागे कसे चालावे हे शिकायला एका हिंदू माणसाच्या आश्रमात यावेसे वाटले. बॉनहोफरला त्यात काही वावगे वाटत नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधल्या फानो बेटावर भरलेल्या चर्चपरिषदेत त्याने शांततेवर प्रवचन केले होते. पूर्वेकडच्या अख्रिस्ती लोकांनी आपल्याला लाज आणावी, अशी वेळ आपण येऊ देणार आहोत का, असा प्रश्न त्याने तिथल्या ख्रिस्ती श्रोत्यांना विचारला होता. येशूचे डोंगरावरील प्रवचन युरोपच्या चर्चमध्ये रविवारी वाचले जाते आणि सोमवारी विसरले जाते; भारतात मात्र एक माणूस ते राजकारणात आणि चरख्यावर वापरून बघतो आहे, हे त्याच्या मनाने घेतले होते.

हा ओढा एकाएकी आला नव्हता. बॉनहोफरचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, ब्रेस्लाऊचा. तेच आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ. वडील कार्ल बर्लिनचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ. घर सुखवस्तू, संगीताचे, वादविवादांचे. चर्चला नियमाने जाणारे मात्र नव्हे. अशा घरातल्या मुलाने धर्मशास्त्र शिकायचे ठरवले, तेव्हा भावंडांनी नाके मुरडली. त्याने एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. तोपर्यंत त्याचा ख्रिस्ती धर्म बराचसा विद्वत्तेचा होता आणि पुढे त्याने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे.

१९३०-३१ चे वर्ष त्याने न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत काढले. तिथे दोन माणसे भेटली. फ्रँक फिशर हा कृष्णवर्णीय सहाध्यायी त्याला हार्लेममधल्या अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला. बॉनहोफर तिथे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवू लागला आणि जर्मनीला परतताना गुलामगिरीतून आलेल्या भक्तिगीतांच्या तबकड्या घेऊन गेला. दुसरा झां लासेर, फ्रेंच पाळक आणि युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात बॉनहोफरचा थोरला भाऊ वाल्टर मारला गेला होता, म्हणजे हा फ्रेंच माणूस शत्रूच्या गोटातला. त्याने बॉनहोफरला सरळ विचारात पाडले की, शत्रूवर प्रेम करा ही येशूची आज्ञा आहे, तिचे काय करायचे? आज्ञा आहे म्हटल्यावर ती पाळायची असते. इतके सोपे उत्तर विद्यापीठात कुणी दिले नव्हते.

बर्लिनला परतल्यावर त्याने कामगारवस्तीतल्या पन्नासेक दांडगट मुलांचा कन्फर्मेशनचा, म्हणजे चर्चमधल्या दीक्षाविधीच्या तयारीचा, वर्ग हाती घेतला. मुलांनी आधीच्या पाळकाला सळो की पळो करून सोडले होते. बॉनहोफर त्याच वस्तीत खोली घेऊन राहायला गेला. कन्फर्मेशनच्या दिवशी घालायला मुलांकडे धड कपडे नव्हते, तेव्हा त्याने कापडाचा मोठा तागा विकत आणला आणि त्यातून त्यांना सूट शिवायला कापड दिले.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. दोनच दिवसांनी बॉनहोफर रेडिओवर बोलत होता. नेता स्वतःलाच दैवत बनवू लागला की तो लोकांना फसवतो, हा त्याचा मुद्दा होता. भाषण संपण्याआधीच प्रसारण तुटले. एप्रिलमध्ये ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला आणि तेच ‘आर्य कलम’ चर्चमध्येही लावण्याची मागणी सुरू झाली. बाप्तिस्मा झालेला असला, तरी ज्यू आजोबांचा नातू पाळक होऊ शकणार नव्हता. बॉनहोफरने तेव्हा एक निबंध लिहिला. चर्चने सरकारला जाब विचारावा. सरकारने चिरडलेल्यांची, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, सेवा करावी. आणि वेळ आली तर चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करत न बसता ते चाकच अडवावे, असे त्यात तीन टप्पे होते.

त्याच महिन्यातली एक गोष्ट त्याला पुढे फार सलत राहिली. त्याची जुळी बहीण साबीने हिचे पती गेर्हार्ड लाइबहोल्ट्स जन्माने ज्यू होते. त्यांच्या बाप्तिस्मा न झालेल्या वडिलांचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीला प्रवचन कर, अशी विनंती बॉनहोफरला करण्यात आली. त्याने वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. सहासात महिन्यांनी त्याने बहिणीला आणि मेहुण्याला पत्र लिहून क्षमा मागितली. आपण इतके कसे घाबरलो, हेच त्याला कळत नव्हते. त्याच वसंतात, १ एप्रिलच्या ज्यू दुकानांवरच्या बहिष्काराच्या दिवशी, त्याची नव्वद वर्षांची आजी युलिए नाझी पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ चालत गेली होती आणि सामान घेऊन बाहेर आली होती. मोठा धर्मपंडित अडखळला आणि आजी चालत गेली, हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. निबंधात काय लिहायचे हे नातवाला पक्के ठाऊक होते. आजीला जे साधले ते अंगवळणी पडलेले होते.

अंगवळणी कसे पाडायचे, याच शोधात तो होता. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनच्या दोन जर्मन मंडळ्यांचा पाळक होऊन गेला. इकडे जर्मनीत हिटलरच्या ताब्यातल्या चर्चला विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमून जाहीरनामा काढला आणि ‘कन्फेसिंग चर्च’ उभे राहिले. या चर्चला स्वतःचे तरुण पाळक तयार करायचे होते आणि त्यासाठी पाच सेमिनऱ्या निघायच्या होत्या. त्यांपैकी एक चालवशील का, अशी विचारणा बॉनहोफरला झाली. वर्ध्याचा बेत त्यामुळे बाजूला पडला. जर्मनीला परतण्याआधी त्याने इंग्लंडमधल्या मिरफील्ड आणि केलम इथल्या अँग्लिकन मठांत राहून तिथली दिनचर्या पाहिली. चर्चला सावरायला एक नव्या तऱ्हेचा संन्यास लागेल, डोंगरावरील प्रवचन काटछाट न करता जगणाऱ्यांचा, असे त्याने आपल्या शास्त्रज्ञ भावाला, कार्ल-फ्रीड्रिखला, जानेवारी १९३५ मध्ये कळवले होते.

एप्रिल १९३५ च्या अखेरीस बाल्टिक समुद्राकाठच्या त्सिंग्स्ट गावी पहिला वर्ग भरला. जूनमध्ये सगळे बिऱ्हाड श्टेटिनजवळच्या फिंकेनवाल्डला एका मोडकळलेल्या मोठ्या घरात हलले. घरात फर्निचर नव्हते. विद्यार्थ्यांनी आसपासच्या मंडळ्यांकडे मागणे घातले. कुणी खुर्च्या दिल्या, कुणी भाजीपाला, कुणी पैसे. रुथ फॉन क्लाइस्ट-रेत्सो या जमीनदारीण बाई या घराच्या मोठ्या आधार झाल्या. त्या उपासनेला येऊन बसत आणि तरुण पाळकांशी हिरिरीने वाद घालत.

इथली दिनचर्या विद्यापीठातून आलेल्या मुलांना चक्रावून टाकणारी होती. सकाळी उठल्यावर कुणी कुणाशी बोलायचे नाही; दिवसाचा पहिला शब्द देवाचा. मग एकत्र उपासना: स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे, जुन्या करारातला एक उतारा, नव्यातला एक, गीत, प्रार्थना. रात्री पुन्हा तसेच. न्याहारीनंतर अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने बायबलच्या मोजक्या ओळींवर मनन करायचे. त्याच ओळी आठवडाभर. कोश नाही, भाष्य नाही, प्रवचनाची तयारी नाही. त्या ओळी आपल्याला काय सांगतात एवढेच ऐकायचे.

मुले वैतागली. कुणाला डुलकी लागायची, कुणी पाइप ओढत बसायचे, कुणाचे मन भलतीकडेच भटकायचे. बॉनहोफर काही दिवस बाहेरगावी गेला तेव्हा मनन बंदच पडले. परतल्यावर त्याने सगळ्यांना बसवून तक्रारी ऐकून घेतल्या, पण अर्धा तास सोडला नाही. हवे तर आठवड्यातून एकदोनदा एकत्र बसू, मोठ्याने बोलू, एवढी मुभा दिली. बाकीच्या सेमिनऱ्यांतले लोक या मठवासीपणाला हसत. स्वित्झर्लंडमध्ये बसलेला कार्ल बार्थ हा बॉनहोफरचा वैचारिक गुरू. त्यानेही पत्रातून या साऱ्याला मठाचा काहीसा नकोसा वास येतो असे कळवले. ही शंका पोकळ नव्हती. नियमांत रमलेली माणसे बाहेरचे जग विसरतात, हे मठांच्या इतिहासात वारंवार घडले आहे. फिंकेनवाल्डमध्ये मात्र पाळत बाहेरच्याच जगाची होती आणि दार कधी ठोठावले जाईल याचा नेम नव्हता.

शिवाय तिथे मठासारखा सुतकी चेहरा कुणाचा नव्हता. बॉनहोफर पियानो उत्तम वाजवायचा, टेबलटेनिस हिरिरीने खेळायचा. हवा चांगली असली की व्याख्यान रद्द करून सगळ्यांना रानात नाहीतर समुद्रावर पिटाळायचा. हार्लेमहून आणलेल्या तबकड्या संध्याकाळी लागत आणि पोमेरेनियातल्या त्या घरात जर्मन तरुण अमेरिकेतल्या गुलामांची गीते ऐकत बसत. उघडपणे वंशद्वेष शिकवणाऱ्या राज्यात हे गाणे नुसत्या करमणुकीचे राहत नव्हते.

त्सिंग्स्टच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक हकिगत त्याचा विद्यार्थी, पुढे जिवलग मित्र आणि चरित्रकार झालेला एबरहार्ड बेटगे याने सांगून ठेवली आहे. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातून निरोप आला की भांडी घासायला कुणीतरी मदतीला या. लगेच कुणी उठले नाही. बॉनहोफर एक शब्द न बोलता उठला आणि आत गेला. ओशाळलेली मुले मागोमाग धावली, तर त्याने त्यांना आत घेतलेच नाही. भांडी झाल्यावर तो समुद्रकाठी सगळ्यांत येऊन बसला आणि या विषयावर अवाक्षर काढले नाही. फिंकेनवाल्डलाही एखाद्याला सकाळी आढळायचे की आपले अंथरूण दुसऱ्याच कुणी आवरून ठेवले आहे.

एक नियम सगळ्यांत अवघड होता. गैरहजर असलेल्या सोबत्याविषयी बोलायचे नाही. बोललेच, तर त्याला गाठून सांगायचे की तुझ्यामागे मी असे बोललो. पाळला जायचा, मोडायचा, पुन्हा पाळला जायचा. प्रवचनांच्या तासांपेक्षा या एका नियमाने आपण जास्त शिकलो, असे पुढे विद्यार्थी सांगत. प्रभुभोजनाआधी एखाद्या सोबत्यापाशी पापकबुली द्यावी, असेही बॉनहोफरने सुचवले. प्रॉटेस्टंट घरांत वाढलेल्या मुलांना हे फारच परके होते. त्याने सक्ती केली नाही. स्वतः एका विद्यार्थ्यापाशी जाऊन कबुली दिली.

फिंकेनवाल्डच्या व्याख्यानांतून ‘नाखफोल्गे’ हे शिष्यत्वावरचे पुस्तक आकाराला आले आणि १९३७ च्या अखेरीस म्युनिकला छापले गेले. स्वस्त कृपा आणि महाग कृपा हा त्याचा गाभा. देव क्षमा करतोच, मग जगण्यात काही बदलायला नको, असे शिकवणाऱ्या चर्चने देवाची कृपा मोफत वाटून टाकली. खरी कृपा माणसाला उठवून चालायला लावते आणि तिची किंमत माणसाच्या आयुष्यात मोजावी लागते. श्रद्धा असेल तो आज्ञा पाळतो, हे चर्च नेहमीच सांगत आले होते. आज्ञा पाळेल त्यालाच श्रद्धा येते, ही उलट बाजूही बॉनहोफरने तितक्याच जोराने मांडली. लासेरचा प्रश्न आणि भांड्यांचा तो प्रसंग इथेच एकत्र येतात. शिष्य होणे हा मनाचा कौल नसून हातापायांना लावायची सवय आहे, आणि ती एकट्याने लागत नाही.

पुस्तक छापून येईपर्यंत शाळा राहिली नव्हती. डिसेंबर १९३५ च्या सरकारी आदेशाने या सेमिनऱ्या बेकायदा ठरल्या होत्या. तरी फिंकेनवाल्डचे सहा-सहा महिन्यांचे पाच वर्ग झाले. ऑगस्ट १९३७ मध्ये पोलीसप्रमुख हिमलरचा हुकूम निघाला आणि सप्टेंबरच्या अखेरीस गेस्टापोने घराला टाळे ठोकले. वर्ष संपेस्तोवर सत्तावीस माजी विद्यार्थी तुरुंगाची हवा खाऊन आले होते किंवा खात होते. शिक्षण मात्र थांबले नाही. खेड्यांतल्या पाळकांचे मदतनीस म्हणून कागदोपत्री नोंद करायची आणि एखाद्या वाड्यात गुपचूप वर्ग भरवायचे, असे करत ते मार्च १९४० पर्यंत चालले. पांगलेल्या सर्वांना महिन्याकाठी पत्र जायचे आणि त्यात आठवड्याच्या मननाच्या ओळी असायच्या. तुरुंगात, परक्या गावात, पुढे आघाडीवरच्या खंदकात, सगळे जण त्याच आठवड्यात त्याच ओळींपाशी बसलेले असत.

पण ही शाळा यशस्वी झाली असे म्हणून मोकळे होता येत नाही. एप्रिल १९३८ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाची भेट म्हणून सर्व पाळकांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा आदेश निघाला. कन्फेसिंग चर्चने निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला आणि बहुसंख्य पाळकांनी शपथ घेतली. ‘बेकायदा’ तरुण पाळकांना सरकारमान्य चर्चने नोकरी, पगार, घर देऊ केले. बायकामुले असलेले अनेक जण तिकडे गेले, त्यांत फिंकेनवाल्डचेही होते. बॉनहोफर त्यांना पोटतिडकीने अडवत राहिला. त्या नोव्हेंबरात देशभर सिनेगॉग जळाले, तेव्हा कन्फेसिंग चर्चने मोठा आवाज उठवला नाही. बॉनहोफरच्या बायबलमध्ये चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात, देवाची मंदिरे जाळल्याच्या ओळीशेजारी, पेन्सिलीने तारीख टाकलेली आहे: ९.११.३८. साबीने पतीसह दोन महिन्यांआधीच इंग्लंडला निघून गेली होती. तिच्याच रिकाम्या घरात बसून त्याने चारेक आठवड्यांत फिंकेनवाल्डच्या सहजीवनावरचे छोटे पुस्तक लिहून काढले.

जून १९३९ मध्ये मित्रांनी त्याला युद्धापासून वाचवायला अमेरिकेत बोलावून घेतले. तिथे त्याचे मन एक दिवसही लागले नाही. आपल्या लोकांबरोबर हा काळ सोसला नाही, तर युद्धानंतर जर्मनीत ख्रिस्ती जीवन उभारायला आपल्याला तोंड राहणार नाही, असे तिथल्या धर्मपंडित राइनहोल्ड नीबूरला कळवून तो जुलैत परतीच्या बोटीवर चढला.

पुढचा भाग जगाला ठाऊक आहे. मेहुणा हान्स फॉन दोनानयी याच्यामार्फत तो लष्करी गुप्तचर खात्यात शिरला. हे खाते आतून हिटलरविरोधी कटाचे एक केंद्र होते. चौदा जणांना, बहुतेक ज्यूंना, खात्याचे हेर म्हणून दाखवून स्वित्झर्लंडला सुखरूप पोचवण्यात त्याचा हात होता. १९४२ मध्ये स्वीडनमध्ये बिशप बेल यांना भेटून त्याने कटवाल्यांची नावे ब्रिटिश सरकारसाठी दिली. डोंगरावरील प्रवचन जगू पाहणारा माणूस खोटे कागद, खोटी ओळख आणि हत्येच्या कटापर्यंत आला होता. त्याने याचे समर्थन करून हात झटकले नाहीत. असे करणारा दोषी ठरतो आणि दोष पत्करूनच त्याने ते करायचे असते, ही त्याची भूमिका होती. शिष्यत्वाचा विचार करणाऱ्यांना हा भाग आजही सहजी पचत नाही आणि पचूही नये.

५ एप्रिल १९४३ ला त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून बेटगेला लिहिलेल्या पत्रांत फिंकेनवाल्डची दिनचर्या जागोजाग दिसते: सकाळची स्तोत्रे, ठरलेला वाचनाचा वेळ, बॉम्बवर्षावात किंचाळणाऱ्या कैद्यांजवळ जाऊन बसणे. हिटलरवरचा हल्ला फसल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जुलै १९४४ ला, त्याने शिष्यत्वावरच्या आपल्याच पुस्तकाकडे वळून पाहिले. पवित्र आयुष्य जगून श्रद्धा शिकता येईल असे तेव्हा वाटत होते. त्या पुस्तकातले धोके आता दिसतात, तरी लिहिले त्याच्या मागे मी उभा आहे. श्रद्धा शिकायची तर या जगात, कामांत, अपयशांत, गोंधळात पूर्णपणे उतरूनच, असे तो आता म्हणत होता.

८ एप्रिल १९४५, रविवार. कैद्यांची एक तुकडी बव्हेरियातल्या शोनबर्ग गावच्या शाळेत डांबलेली होती. उपासना घे, असा सोबत्यांनी आग्रह धरला. बॉनहोफर तयार होईना. बरेच जण कॅथलिक होते आणि कोकोरिन हा सोव्हिएत अधिकारी निरीश्वरवादी होता, त्यांच्यावर आपली उपासना लादायची नव्हती. कोकोरिननेच हवी म्हटल्यावर तो उभा राहिला. उपासना संपते न संपते तोच त्याला न्यायला माणसे आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

फिंकेनवाल्डचे अनेक विद्यार्थी हिटलरच्याच सैन्यात सक्तीने भरती होऊन रशियात मेले. फिंकेनवाल्ड आता पोलंडमध्ये, श्चेचिन (तेव्हाचे श्टेटिन) शहराचे एक उपनगर आहे. बेटगेने जपलेली टेगेलची पत्रे १९५१ मध्ये छापली आणि ती जर्मनीबाहेर दूरवर पोचली. दक्षिण आफ्रिकेत बेयर्स नोडे हे गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चचे मान्यवर पाळक, वर्णभेदी सत्तेच्या आतल्या गोटातल्या ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेचे सभासद. शार्पव्हिलमध्ये १९६० साली पोलिसांनी काळ्या निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर त्यांना स्वस्थ बसवेना. जर्मनीतल्या कन्फेसिंग चर्चचा दाखला देत १९६३ मध्ये त्यांनी काळ्या-गोऱ्या ख्रिस्ती लोकांची एकत्र संस्था काढली. चर्चने सांगितले, संस्था निवडा किंवा पाळकपद. त्यांनी पाळकपदाचा झगा उतरवून ठेवला. १९७७ मध्ये सरकारने संस्थेवर बंदी घातली आणि एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटायची त्यांना मनाई केली. तो हुकूम सात वर्षे चालला. लोक येतच राहिले, एकेक करून.